तीन राउटर, दोन स्विच

सिस्को २५०१ हा राउटर दिसायला जुन्या व्हीसीआरसारखा आहे. पत्र्याचा चपटा डबा, वजन साधारण साडेचार किलो, मागे चार-पाच पोर्ट आणि एक खटक्याचं बटण. आत मोटोरोलाचा ६८०३० प्रोसेसर, वेग २० मेगाहर्ट्झ. ॲपलच्या जुन्या मॅकिंटॉशमध्ये असायचा त्याच जातीचा. रॅम वाढवून वाढवून १६ एमबीच्या आसपास, म्हणजे फोनमधल्या चार-पाच फोटोंत संपेल इतकी. इथरनेटचा पोर्टसुद्धा आपल्या ओळखीचा नाही, १५ पिनांचा. आजची केबल लावायची तर मध्ये ट्रान्सीव्हर नावाची एक डबी लागते. १९९०च्या दशकात असे डबे कंपन्यांच्या शाखांमध्ये बसून टेलिफोनच्या तारेवरून मुख्य कार्यालयाशी बोलत असत. मग ते निवृत्त झाले आणि त्यांचं दुसरं आयुष्य सुरू झालं. पलंगाखाली, माळ्यावर, हॉस्टेलच्या टेबलावर. सीसीएनए नावाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांच्या घरी.

ही परीक्षा सिस्कोने १९९८मध्ये सुरू केली. मीही १९९८चाच, त्यामुळे तिच्याबद्दल उगाच जवळीक वाटते. मी नेटवर्कवाला नाही. मी बॅकएंडचा कोड लिहितो, आणि माझ्या दृष्टीने नेटवर्क म्हणजे जे बंद पडलं की दुसऱ्या टीमला मेसेज करायचा ते. इंजिनिअरिंगला ‘कॉम्प्युटर नेटवर्क्स’ हा विषय होता. त्यात ओएसआयचे सात थर पाठ केले, आणि राउटर पाहिला तो काचेच्या कुलूपबंद कपाटात. पण गेले काही महिने मी जुन्या राउटरांच्या मागे आहे. त्याचं कारण पुढे येईलच. सुरुवातीला वाटलं होतं की घरी लॅब कुठली करायची हा खरेदीचा प्रश्न आहे. वाचत गेलो तसं लक्षात आलं की हा इतिहासाचा प्रश्न आहे. विद्यार्थ्याच्या टेबलावर कुठलं यंत्र येणार हे अभ्यासक्रमाने फार क्वचित ठरवलंय. ते ठरवलंय कंपन्यांनी काय टाकून दिलं आणि कुठलं सॉफ्टवेअर कुणाला वापरू दिलं, या दोन गोष्टींनी.

गंमत म्हणजे सिस्को स्वतःच एका घरात वाढलेली कंपनी आहे. लेन बोसॅक आणि सँडी लर्नर हे स्टॅनफर्ड विद्यापीठात कॉम्प्युटर सांभाळणारं जोडपं. त्यांनी डिसेंबर १९८४मध्ये कंपनी काढली, आणि सुरुवातीची यंत्रं जोडली ती राहत्या घरात. पण ती यंत्रं कोऱ्या पाटीवरून आली नव्हती. स्टॅनफर्डच्या आवारातली वेगवेगळी नेटवर्कं जोडण्यासाठी विद्यापीठातच एक राउटर तयार झाला होता, ‘ब्लू बॉक्स’. त्याचा बोर्ड अँडी बेख्टोल्शाइमचा, मूळ सॉफ्टवेअर विल्यम येगरचं. सिस्कोचा पहिला माल त्यावरच उभा होता. विद्यापीठाने अर्थातच हरकत घेतली. प्रकरण बरंच तापलं, दोघांना नोकरी सोडावी लागली आणि १९८७मध्ये स्टॅनफर्डने सिस्कोला रीतसर परवाना दिला. डबा कुणाचा, आतलं सॉफ्टवेअर कुणाचं, आणि घरी नेऊन त्यावर काम करायची मुभा कुणाला, हा वाद असा कंपनीच्या जन्मापासूनचा आहे. पुढे त्याच वादाच्या दुसऱ्या टोकाला विद्यार्थी आले.

प्रमाणपत्रांची सुरुवात मात्र तळापासून नाही, शिखरावरून झाली. १९९३मध्ये सिस्कोने आधी सर्वांत अवघड परीक्षा काढली, सीसीआयई. तिचं पहिलं प्रमाणपत्र, क्रमांक १०२४, कुणा माणसाला न देता परीक्षेच्या लॅबलाच दिलं गेलं. (२चा दहावा घात. हा विनोद कुठल्या जमातीचा आहे ते सांगायला नको.) १०२५ परीक्षा घडवणाऱ्या स्टुअर्ट बिग्जला आणि १०२६ टेरी स्लॅटरीला. सिस्कोच्या राउटरवर आजही ज्या पद्धतीने कमांड टाइप करतात, ती घडवण्यात या स्लॅटरीचा मोठा वाटा. ही परीक्षा दोन दिवसांची होती. उमेदवारापुढे खरी यंत्रं, खऱ्या केबली. आधी सगळं उभं करायचं. मग परीक्षक मुद्दाम बिघाड घालून ठेवणार आणि उमेदवाराने ते शोधायचे. पुस्तक वाचून हे जमण्यासारखं नव्हतंच, हाताला सवय हवी. ‘लॅब हवी’ हा धाक नेटवर्कवाल्यांच्या जगात इथून आला असावा असं मला वाटतं. कारण पाच वर्षांनी आलेल्या सीसीएनएमध्ये खरं यंत्र कधीच नव्हतं. ती परीक्षा केंद्रातल्या कॉम्प्युटरसमोर बसून द्यायची. तरीही तिच्यासाठी लोक साडेचार किलोचे डबे घरी आणत राहिले.

किती डबे? याचं उत्तर वर्षानुवर्षं जवळपास ठरलेलं होतं: तीन राउटर, दोन स्विच. हा आकडा मला फार आवडला, कारण तो कुणा विक्रेत्याच्या डोक्यातून आलेला नाही. त्यामागे विचार आहे.

राउटरचं काम वाट ठरवण्याचं. दोनच राउटर जोडले तर ठरवायला काही नसतंच, जायचं ते समोरच्याकडे. तिसरा आला की पहिल्याला ज्या नेटवर्कशी आपला थेट संबंध नाही, त्याची बातमी दुसऱ्याकडून कळते. रिप, ओएसपीएफ हे राउटिंग प्रोटोकॉल म्हणजे या बातम्या कुणी कुणाला कशा सांगायच्या, आणि ऐकीव बातमीवर किती विश्वास ठेवायचा, याचे नियम. तिन्ही त्रिकोणात जोडले तर एक तार उपटून बघता येतं: सरळ वाट गेली, आता हा दुसऱ्या बाजूने जातो का, आणि त्याला किती वेळ लागतो?

दोन स्विचचं कारण वेगळं. दोन स्विच दोन केबलींनी जोडले की गोल तयार होतो. इथरनेटच्या चौकटीला, म्हणजे फ्रेमला, आयुष्याची मर्यादा नसते. सगळ्यांसाठी पाठवलेला एक संदेश त्या गोलात सापडला की तो फिरतच राहतो, त्याच्या प्रती होतात, प्रतींच्या प्रती होतात, आणि काही क्षणांत सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागून नेटवर्क आडवं होतं. यावरचा तोडगा राडिया पर्लमन यांनी १९८५मध्ये डेक या कंपनीत असताना शोधला, स्पॅनिंग ट्री. स्विच आपसांत बोलून ठरवतात की गोलातला एक पोर्ट मुकाट बंद ठेवायचा. खऱ्या स्विचवर हे डोळ्यांनी दिसतं. दुसरी केबल लावली की दिवा नारिंगी होतो. जी केबल चालू राहणार, तिचा दिवा तीसेक सेकंदांनी हिरवा होतो. दुसरीचा नारिंगीच राहतो. ते तीस सेकंद म्हणजे पंधरा ऐकण्याचे आणि पंधरा शिकण्याचे. मी पाठ केलेल्या उत्तरात हे ‘लिसनिंग’ आणि ‘लर्निंग’ असे दोन मुद्दे होते. त्यात वाट बघणं असतं हे उत्तरात नव्हतं.

आणि मग ती सिरियल केबल. दोन शाखांमध्ये टेलिफोन कंपनीची तार असते, आणि त्या तारेवर बिट्स कुठल्या ठेक्यात पाठवायचे तो ठेका टेलिफोन कंपनीचं यंत्र देतं. घरच्या लॅबमध्ये टेलिफोन कंपनी कुठून आणणार? म्हणून दोन राउटर एकमेकांना पाठीला पाठ लावून जोडायचे आणि त्यातल्या एकाने टेलिफोन कंपनीचं सोंग घ्यायचं. केबलचं ते टोक डीसीई, दुसरं डीटीई. सोंग घेणाऱ्याला सांगायचं, ‘क्लॉक रेट ६४०००’. हा ६४ हजारांचा आकडाही आवाजाच्या दुनियेतून आलेला आहे. बोलणं आकड्यांत उतरवायला सेकंदाला ८,००० नमुने घेतात, प्रत्येक नमुना ८ बिट्सचा, गुणाकार ६४,०००. एका फोनकॉलची जागा. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा घरच्या डायल-अपला इतका वेगही मिळत नव्हता. लॅबमध्ये मुलं ज्याला ‘संथ तार’ म्हणून हसत, ती त्या काळी कंपन्या भाड्याने घेत.

आता हे डबे स्वस्त कसे झाले ते. मार्च २०००मध्ये सिस्को बाजारमूल्यानुसार जगातली सर्वांत मोठी कंपनी होती, काही काळ मायक्रोसॉफ्टच्याही पुढे. पाठोपाठ डॉटकॉमचा फुगा फुटला. ज्या कंपन्यांनी राउटरांच्या राशी मागवल्या होत्या त्यातल्या कित्येक बुडाल्या. मे २००१मध्ये सिस्कोने सव्वादोन अब्ज डॉलरचा माल खपणार नाही म्हणून हिशेबातून काढून टाकला, आणि त्या वर्षी हजारो लोकांना कामावरूनही काढलं. बुडालेल्या कंपन्यांचे राउटर लिलावात निघाले, तिथून ईबेवर. विद्यार्थ्यांच्या लॅबला जी भरभराट आली ती कुणाच्या तरी दिवाळखोरीतून. हे वाचताना मला थोडं अस्वस्थ वाटलं, कारण त्याच मंदीत नोकरी गेलेली माणसं नव्या नोकरीसाठी प्रमाणपत्राच्या मागे लागली होती. म्हणजे ज्या कंपनीतून बाहेर पडलो तिथलाच डबा, वर्षभराने, स्वतःच्या पैशाने. असं अगदी कुणाच्या बाबतीत घडलं का हे सांगता येणार नाही, पण बाजार त्याच मालाचा होता.

याच सुमारास २५०१ मागे पडून २६०० मालिका आवडती झाली. हिच्यात खाचा असत आणि हवं ते कार्ड बसवता येई. एकाच केबलवरून अनेक व्हीलॅनची वाहतूक राउटरकडे नेण्याची एक जुनी युक्ती आहे. तिच्यासाठी १०० एमबीपीएसचा पोर्ट असलेला २६२० मुद्दाम शोधला जाई. मग १८४१ आला, स्विचांमध्ये २९५० आणि नंतर २९६०. प्रत्येक पिढी शाखेत पाच-सात वर्षं राबून विद्यार्थ्याकडे आली. आमच्याकडे या मालाची वाट मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून जाते. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा.

इथे माझा मामेभाऊ येतो. नाशिकला बीसीएस केलं, आता एका कंपनीत रात्रपाळीला स्क्रीनवरचे लाल-हिरवे ठिपके बघतो. ठिपका लाल झाला की तिकीट काढून वरच्या लेव्हलला पाठवायचं, बस. वर जायचं तर सीसीएनए हवं. परीक्षेची फी ३०० डॉलर, म्हणजे आपले पंचवीस हजार रुपये आणि वर कर. त्याचा पगार मला माहीत आहे, म्हणून सांगतो, हा आकडा छोटा नाही. त्याने एका दुकानदाराकडून भाव आणला: तीन १८४१, दोन २९५०, केबलींसकट अठरा हजार. “दादा, घेऊन टाकू का? आत्या म्हणतात गाडीचे हप्ते संपल्यावर बघू.” आत्या म्हणजे आमची आई. मी म्हटलं, चार दिवस थांब, बघतो. त्या चार दिवसांचे तीन महिने झाले.

पहिली गोष्ट मला सापडली ती परवान्याची. सिस्कोच्या राउटरचा जीव त्याच्या आयओएस या सॉफ्टवेअरमध्ये असतो. (हो, आयफोनचं नाव तेच. २०१०मध्ये ॲपलने ते नाव सिस्कोकडून परवान्यावर घेतलं.) जुना डबा विकत घेतला तर पत्रा तुमचा होतो, पण कंपनीच्या नियमानुसार सॉफ्टवेअरचा परवाना त्याच्याबरोबर येत नाही. नवी आवृत्ती उतरवायची तर सेवाकरार हवा, आणि जुन्या १८४१साठी कुठला विद्यार्थी करार करणार? त्यामुळे डब्यात जी आवृत्ती निघेल ती, नाही तर मित्राच्या पेनड्राइव्हवरची. वर्षानुवर्षं जगभरची मुलं त्या अर्धवट उजेडात शिकली आणि शिकून त्याच कंपनीचा माल विकणाऱ्या नोकऱ्यांना लागली. कंपनीचंही यात नुकसान नव्हतं, हे उघड आहे. पण शिकणाऱ्याला कायम चोरासारखं वाटत राहावं अशी ही व्यवस्था होती, आणि मला ती आजही पटत नाही. १९८७मध्ये स्टॅनफर्डने सिस्कोला जी सवलत दिली, तिच्याइतकी जरी विद्यार्थ्यांना मिळाली असती तरी पुरे होतं.

जुन्या डब्यात दुसरंही काही निघतं: आधीच्या मालकाचं कॉन्फिगरेशन. शाखांची नावं, आयपी पत्ते, कधीकधी पासवर्ड. २०२३मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने मुद्दाम १८ जुने राउटर विकत घेऊन तपासले, तर निम्म्याहून अधिकांत आधीच्या कंपन्यांची माहिती जशीच्या तशी होती. पासवर्ड माहीत नसला तरी कन्सोलच्या केबलने, सुरू होतानाच ब्रेक मारून, आत शिरता येतं. ही युक्ती अभ्यासाचाच भाग म्हणून शिकवली जायची.

ऑगस्ट २००५मध्ये ख्रिस्तोफ फियो या फ्रेंच माणसाने या सगळ्यालाच सुरुंग लावायला घेतला. त्याने डायनामिप्स लिहायला घेतलं. साध्या पीसीवर सिस्कोच्या ७२०० या दांडग्या राउटरचा प्रोसेसर सॉफ्टवेअरमध्ये उभा करायचा आणि त्यावर खरं आयओएस चालवायचं. अनुकरण नव्हे, तेच सॉफ्टवेअर. एक प्रोग्रामर म्हणून मला त्यातला एक तपशील फार भावला. खऱ्या राउटरला काम नसतं तेव्हाही आयओएस एका छोट्या चक्रात गरगरत असतं. डब्यात कुणाला फरक पडत नाही. पीसीवर मात्र रिकामा राउटर आख्खा प्रोसेसर खाऊन टाकायचा. म्हणून ते चक्र कोडमध्ये नेमकं कुठे आहे तो पत्ता शोधायचा आणि तिथे आला की याला झोपवायचं. यालाच ‘आयडल-पीसी’ म्हणतात. पुढे जेरेमी ग्रॉसमनने यावर जीएनएस३ हा चित्रमय चेहरा चढवला आणि तीन राउटरांची अट एका लॅपटॉपात मावली. परवान्याचा काटा तसाच राहिला. जीएनएस३ फुकट, पण आयओएस तुमचं तुम्ही आणा.

स्विच मात्र डायनामिप्सला जमले नाहीत. राउटरचं डोकं साध्या प्रोसेसरमध्ये होतं. कॅटलिस्ट स्विचचं मुख्य काम त्यासाठीच घडवलेल्या चिपा करतात, आणि त्या चिपांचं सोंग पीसीला घेता येईना. त्यामुळे काही वर्षं घरच्या लॅबचं रूप मजेशीर होतं: राउटर लॅपटॉपमध्ये, स्विच टेबलावर, मध्ये केबल. सिस्कोकडे स्वतःचा पॅकेट ट्रेसर होताच, पण तो बरीच वर्षं फक्त त्यांच्या नेटवर्किंग अकॅडमीतल्या मुलांसाठी. तो सर्वांना मोफत झाला २०१०च्या दशकाच्या उत्तरार्धात. पॅकेट ट्रेसर नक्कल करतो. शिकवलेल्या कमांड नीट, बाकीच्यांना तो ओळखतच नाही. सीसीएनएपुरता बहुधा पुरतो.

आणि २०१४मध्ये ज्या परीक्षेमुळे लॅबचा धाक पडला होता, त्या सीसीआयईच्या राउटिंग-स्विचिंग लॅबमधूनच यंत्रं गेली. सगळं आभासी. सीसीएनएतून २०१६मध्ये फ्रेम रिले गेलं. २४ फेब्रुवारी २०२०पासून नवी परीक्षा आली, तिच्यात सिरियल तारांना जागा उरली नाही. वायफाय कंट्रोलर, जेसन, एपीआय, ऑटोमेशन आलं. मामेभावाला हवे असलेले तीन १८४१ यातलं काहीच शिकवणार नव्हते. त्यांची खरी खुबी म्हणजे सिरियल पोर्ट, आणि तेच आता कुणी विचारत नाही. दुकानदार अर्थात हे सांगणार नव्हता. सेटला ‘सीसीएनए लॅब’ अशी चिठ्ठी लावलेली होती, आणि वीस वर्षांपूर्वी ती खरी होती.

मी त्याला जे सांगितलं ते असं. राउटर एकही घेऊ नकोस. पॅकेट ट्रेसर उतरव. त्याच्या पुढचं हवं असेल तर सिस्कोच्या सीएमएलची मोफत आवृत्ती २०२४च्या अखेरीस आली आहे, पाच यंत्रांपुरती. तिच्यात खऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रतिमा परवान्यासकट मिळतात, मित्राचा पेनड्राइव्ह नको. पण स्विच मात्र घे, दोन २९६०, आठ पोर्टांचे. त्यांना पंखा नसतो, त्यामुळे मामा झोपमोडीची तक्रार करणार नाहीत. आणि कन्सोलची ती चपटी आकाशी केबल, यूएसबीला लागेल अशी. स्विच का? कारण त्याच्या नोकरीत जे लाल ठिपके दिसतात त्यांच्या मागे कुठेतरी एक खरा पोर्ट आणि खरी केबल असते, आणि तो तिथे अजून कधी गेलेला नाही.

गेल्या महिन्यात त्याने दोन्ही घेतले, साडेपाच हजारांना. एकावर कुणीतरी मार्करने ‘३ रा मजला – लिफ्टजवळ’ लिहिलेलं आहे. आत कॉन्फिगरेशन तसंच होतं. व्हीलॅनना नावं दिलेली: अकाउंट्स, स्टोअर्स, गेस्ट. सत्तावीस पोर्टांचं वर्णन कुठल्याशा मोठ्या स्विचवरून चिकटवलेलं, यातले एकोणीस इथे अस्तित्वातच नाहीत. ते सगळं पुसायच्या आधी त्याने एकेक ओळ वहीत उतरवून घेतली आणि कुठली ओळ कशासाठी असेल ते समोर लिहिलं. चार ओळी त्याला लागल्या नाहीत, त्यातल्या दोन मलाही नाहीत. मालकाचं नाव आणि पासवर्डची ओळ त्याने उतरवली नाही. मग पुसून टाकलं, दोन केबली लावल्या, आणि रात्रपाळीला निघायच्या आधी मला व्हिडिओ पाठवला. तीस सेकंदांचा, फक्त दिव्यांचा.